बॉयकॉट : एका माणसाचं आडनाव क्रियापद कसं झालं?



इंग्रजीचा तास घेताना मुलं कधी कधी असा प्रश्न विचारतात की आपण दोन मिनिटं गप्प होतो. हा शब्द कुठून आला, असं एखादं मूल विचारतं. शब्दकोशात अर्थ असतो, पण शब्दामागची गोष्ट तिथे नसते. काही इंग्रजी शब्दांच्या मागे तर चक्क माणसं उभी असतात. तीही थोर नाहीत, बदनाम झालेली.

उदाहरणं बघा. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेच्या विद्कुन क्विस्लिंग याने हिटलरला साथ दिली. १९४५ मध्ये त्याला देहदंड झाला आणि इंग्रजीत क्विस्लिंग म्हणजे देशद्रोही असा शब्द रूढ झाला. प्राचीन अथेन्समधल्या ड्रॅकोचे कायदे इतके कडक होते की आजही जाचक कायद्याला ड्रॅकोनियन म्हणतात. पण या सगळ्यांत आपल्या मुलांच्या तोंडी रोज असलेला शब्द एकच आहे, तो म्हणजे बॉयकॉट. खेळात चिडलेला मुलगाही म्हणतो, याला बॉयकॉट करा रे!

हे एका खऱ्या माणसाचं आडनाव आहे. आज त्याचीच जीवनकथा पाहू. वर्गात सांगण्यासारखी आहेच, पण आपण मोठ्यांनीही विचार करावा असं त्यात बरंच काही आहे.

बालपण आणि शिक्षण

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट याचा जन्म १२ मार्च १८३२ रोजी इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात बर्ग सेंट पीटर या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. गंमत म्हणजे घराण्याचं मूळ आडनाव बॉयकॅट होतं. चार्ल्स नऊ वर्षांचा असताना, १८४१ मध्ये, घरच्यांनी त्याचं स्पेलिंग बदलून बॉयकॉट केलं. तो बदल झाला नसता, तर आज आपण सगळे बॉयकॅट म्हणत असतो!

मुलाला सैन्याची आवड होती. १८४८ मध्ये तो वूलिच येथील लष्करी अकादमीत दाखल झाला, पण एका परीक्षेत नापास झाल्यामुळे पुढच्याच वर्षी त्याला बाहेर पडावं लागलं. त्या काळी ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्याची जागा पैसे भरून विकत घेता येत असे. १८५० मध्ये घरच्यांनी ४५० पौंड भरून त्याला ३९ व्या पायदळ पलटणीत जागा घेऊन दिली. ही पलटण आयर्लंडला गेली आणि तिच्याबरोबर चार्ल्सही गेला. तिथे तो आजारी पडला. १८५२ मध्ये त्याने सैन्यातली जागा विकून टाकली आणि त्याच वर्षी डब्लिनमध्ये ॲनी डन हिच्याशी लग्न केलं.

म्हणजे त्याची सैन्यातली नोकरी जेमतेम दोन-तीन वर्षांची आणि तीही सर्वांत खालच्या अधिकारपदावरची. तरीही तो पुढे जन्मभर कॅप्टन बॉयकॉट म्हणूनच ओळखला गेला. खरं तर कॅप्टन तो कधीच नव्हता. लोक म्हणू लागले आणि ते नाव चिकटलं.

आयर्लंडची जमीन

पुढची गोष्ट समजायला त्या काळचं आयर्लंड थोडं समजून घ्यावं लागेल. तिथली बहुतेक जमीन मोजक्या जमीनदारांच्या ताब्यात होती. त्यातले कितीतरी जण गावात राहतही नसत. जमीन कसायची कुळांनी, खंड भरायचा कुळांनी आणि खंड थकला की घराबाहेर निघायचं तेही कुळांनीच. आपल्याकडे ज्यांच्या आजोबांनी खंडाने जमीन कसली असेल, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

१८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि रोगराईने मेली. तेवढीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. या आठवणी ताज्या असतानाच १८७९ मध्ये पुन्हा पीक बुडालं.

त्याच वर्षी आयरिश लँड लीग ही शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी मायकेल डॅविट यांची गोष्ट मुलांना जरूर सांगा. मेयो परगण्यात जन्मलेल्या डॅविट यांच्या कुटुंबाला ते चार वर्षांचे असताना घरातून हाकललं गेलं. कुटुंब इंग्लंडला गेलं. अकराव्या वर्षी कापडगिरणीत काम करताना यंत्रात सापडून त्यांचा उजवा हात गेला. हा माणूस पुढे मोठा होऊन जमिनीचा प्रश्न हातात घेतो, यात नवल ते काय! लीगच्या मागण्या मुख्यतः तीन होत्या. खंड वाजवी असावा. खंड भरणाऱ्याला जमिनीवरून काढू नये. आणि कुळाला आपला हक्क दुसऱ्याला विकता यावा.

लॉर्डचा कारभारी

सैन्य सोडल्यावर बॉयकॉट काही वर्षं आयर्लंडच्या पश्चिमेला ॲचिल या बेटावर शेती करत राहिला. तिथेही आसपासच्या लोकांशी त्याचे खटके उडत. १८७३ च्या सुमारास तो मेयो परगण्यात बॅलिनरोब गावाजवळ लॉख मास्क नावाच्या तळ्याकाठच्या मोठ्या घरात राहायला आला. हे घर आणि भोवतालची जमीन लॉर्ड अर्न यांची होती. लॉर्डसाहेबांकडे आयर्लंडमध्ये चाळीस हजार एकरांहून जास्त जमीन होती आणि ते स्वतः राहायचे लांब, फर्मानाच्या वाड्यात. मेयोतली सुमारे १५०० एकर जमीन बॉयकॉटच्या देखरेखीखाली आली. कुळांकडून खंड वसूल करायचा आणि त्यातला दहा टक्के स्वतःला ठेवायचा, असा त्याचा करार होता. शिवाय तो स्वतःची मोठी शेतीही करायचा.

बॉयकॉट राक्षस नव्हता. त्याने कोणाचा खून केला नाही, गाव जाळलं नाही. पण स्वभाव ताठ आणि वृत्ती बारीकसारीक गोष्टींत अडवणारी. फाटक उघडं राहिलं की दंड. कोणाची कोंबडी त्याच्या शेतात शिरली की दंड. लॉर्डच्या रानातून लोक पूर्वीपासून जळणासाठी लाकडं गोळा करत, ती सवलतही त्याने काढून घेतली. गरिबाला मोठ्या अन्यायाइतकाच असा रोजचा जाच बोचतो. शाळेतही हेच असतं, नाही का? मुलांच्या लक्षात एखादी मोठी शिक्षा राहत नाही, पण रोजचं टोचून बोलणं राहतं.

१८८० चा सप्टेंबर

१८८० मध्ये पीक कमी आल्यामुळे लॉर्ड अर्न खंडात दहा टक्के सूट द्यायला तयार झाले. कुळांनी पंचवीस टक्के मागितली. लॉर्डने नकार दिला आणि बॉयकॉटने अकरा कुळांना बेदखल करण्याची कारवाई सुरू केली.

तिकडे १९ सप्टेंबर रोजी एनिस या गावी लँड लीगचे नेते चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांची मोठी सभा झाली. दुसऱ्याला हाकलून दिलेली जमीन जो कोणी घेईल, त्याचं काय करायचं, असं त्यांनी लोकांना विचारलं. गर्दीतून आवाज आला की मारून टाका. पार्नेल यांनी त्याहून चांगला मार्ग सांगितला. त्याला हात लावू नका, पण त्याच्याशी सगळा व्यवहार थांबवा. रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी देवळातसुद्धा त्याला एकटं पाडा.

तीनच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, कोर्टाचा माणूस १७ पोलीस घेऊन बॉयकॉटच्या नोटिसा बजावायला निघाला. नोटीस घरच्या कर्त्या माणसाच्या किंवा त्याच्या बायकोच्या हातात पडली पाहिजे, असा नियम होता. तीन घरांत नोटिसा दिल्या गेल्या. चौथ्या घरातल्या बाईने ती घ्यायचं नाकारलं आणि लाल निशाण हलवून इतरांना खूण केली. झालं! आजूबाजूच्या बायका धावून आल्या. दगड, चिखल, शेण यांचा असा मारा झाला की पोलिसांसकट सगळे बॉयकॉटच्या घरात जाऊन लपले.

दुसऱ्या दिवशी लोक बॉयकॉटच्या दारात आले आणि त्यांनी नोकरांना काम सोडायला सांगितलं. स्वयंपाक करणारे गेले, घोड्यांची निगा राखणारे गेले, शेतमजूर गेले. लोहाराने नाल ठोकायचं बंद केलं. धोबिणीने कपडे घ्यायचं बंद केलं. पोस्टमनने टपाल आणायचं थांबवलं. बॉयकॉटच्या लहान पुतण्याने टपाल आणायचं ठरवलं, तर त्यालाही वाटेत अडवून दम दिला गेला. बॅलिनरोबच्या दुकानदारांनी सामान देणं बंद केलं, तेव्हा दुसऱ्या गावाहून बोटीने शिधा आणावा लागला. आणि शेतात तर पीक काढणीला आलेलं!

शब्दाचा जन्म

आता येऊ मूळ शब्दाकडे. त्या भागातले धर्मगुरू फादर जॉन ओमॅली लोकांच्या बाजूने होते. जेम्स रेडपाथ नावाचे अमेरिकन पत्रकार तिथे बातम्या गोळा करत होते. जे चाललं आहे त्याला काय नाव द्यावं, हे रेडपाथना सुचेना. ऑस्ट्रसिझम हा इंग्रजी शब्द होता, पण साध्या शेतकऱ्यांना तो कुठून कळणार? तेव्हा फादर ओमॅलींनी सुचवलं की सरळ बॉयकॉट करणे असंच म्हणू या. ही हकिकत पुढे खुद्द रेडपाथ यांनीच सांगितली आहे.

जाता जाता, तो अवघड शब्दही मजेदार आहे बरं का. प्राचीन अथेन्समध्ये नकोशा झालेल्या नेत्याला दहा वर्षांसाठी शहराबाहेर घालवायचं का, यावर मत घेत. मत लिहायला कागद नव्हे, फुटक्या मडक्याची खापरी वापरत. त्या खापरीच्या ग्रीक नावावरून ऑस्ट्रसिझम शब्द आला. आपल्याकडेही दोष दुसऱ्याच्या डोक्यावर जातो तो खापर फोडूनच! दोन्हींचा संबंध काही नाही, पण मुलांना अशी जोडी लक्षात राहते.

नोव्हेंबर संपेपर्यंत लंडनचं टाइम्स वृत्तपत्रही हा शब्द वापरू लागलं होतं. थोड्याच वर्षांत फ्रेंच, जर्मन आणि इतर भाषांनीही तो उचलला.

बटाट्यांची लढाई

बॉयकॉटने आपली कैफियत टाइम्सला लिहून पाठवली. ती ऑक्टोबरमध्ये छापून आली आणि इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. त्याच्या मदतीसाठी निधी जमला. उत्तरेकडच्या परगण्यांतून सुमारे ५० मजूर पीक काढायला निघाले आणि त्यांच्या संरक्षणासाठी सरकारने ९०० च्या वर सैनिक आणि पोलीस उभे केले. हे लोक नोव्हेंबरमध्ये रेल्वेने क्लेअरमॉरिसला उतरले, तर गाडी द्यायला कोणी तयार नाही. भर पावसात बॅलिनरोबपर्यंत पायपीट झाली. लोकांनी दंगा केला नाही, कारण फादर ओमॅलींनी शांत राहायला बजावलं होतं. लोक फक्त रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते.

दोन आठवडे बटाटे, सलगम आणि धान्य काढण्याचं काम चाललं. आता हे गणित चौथी-पाचवीच्या वर्गाला घाला. पीक होतं साधारण ५०० पौंडांचं आणि खर्च आला निदान १०,००० पौंड. किती पट? वीस पट! मुलं एका क्षणात सांगतील की हा सौदा तोट्याचा आहे. सरकारला मात्र ते कळायला दोन आठवडे लागले.

२७ नोव्हेंबर रोजी बॉयकॉट कुटुंबासह घर सोडून निघाला. त्याची बग्गी हाकायला एकही माणूस मिळेना, म्हणून सैन्याच्या रुग्णवाहक गाडीतून त्याला न्यावं लागलं. डब्लिनमध्ये हॉटेलात उतरला, तर तिथल्या मालकाला धमकीचं पत्र आलं. शेवटी १ डिसेंबरला तो बोटीने इंग्लंडला गेला.

उरलेलं आयुष्य

१८८१ मध्ये ब्रिटिश संसदेने नवा आयरिश जमीन कायदा केला. लीगच्या तिन्ही मागण्या त्यात बऱ्याच अंशी मान्य झाल्या. त्याच वर्षी बॉयकॉट अमेरिकेला जाऊन आला. तिथे त्याने नाव सांगितलं नुसतं चार्ल्स कनिंगहॅम. आडनाव लपवलं! पण वर्तमानपत्रांनी त्याला ओळखलंच. विचार करा, स्वतःचं आडनाव जगभर शिवीसारखं पसरलेलं बघणं ही काय शिक्षा असेल.

१८८१ च्या सप्टेंबरमध्ये तो लॉख मास्कला परत आला. सुरुवातीला त्याची हुर्यो झाली, त्याचा पुतळा टांगला गेला, पण हळूहळू राग निवळला. १८८६ मध्ये इंग्लंडमधील सफोक परगण्यात त्याला दुसऱ्या एका इस्टेटीवर कारभाऱ्याची नोकरी मिळाली. घोडे आणि शर्यती यांचा नाद त्याला शेवटपर्यंत होता. आणि गंमत बघा, सुट्टी घालवायला तो आयर्लंडलाच जायचा. १९ जून १८९७ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी तो वारला. मागे राहिलेल्या पत्नीला कर्जापायी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. ज्या लॉर्ड अर्नसाठी हे सगळं ओढवून घेतलं, त्यांचं नाव आज कोणाला आठवतं? नाव खराब झालं ते कारभाऱ्याचं.

शब्द नवा, गोष्ट जुनी

आपल्याकडे हे बॉयकॉटच्याही आधी घडलं होतं. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात करडे नावाचं गाव आहे. डिसेंबर १८७४ मध्ये तिथल्या काळूराम नावाच्या सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा आणून एका कर्जदाराचं घर पाडायला घेतलं. गावाने विनवण्या केल्या, तो ऐकेना. मग गावाने ठरवलं. सावकारांच्या दुकानात जायचं नाही, त्यांची जमीन कसायची नाही. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार या बलुतेदारांनी काम बंद केलं. सावकार तालुक्याच्या गावी निघाले, तर त्यांच्या गाड्या हाकायला कोणी मिळेना. अगदी सहा वर्षांनंतरच्या बॉयकॉटच्या बग्गीसारखं! पुढे १८७५ मध्ये दख्खनचे दंगे झाले आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. आपल्या इतिहासाच्या तासाला हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून शिकवता येतील.

१९०५ मध्ये बंगालच्या फाळणीनंतर बहिष्कार हे देशाचं हत्यार झालं. लोकमान्य टिळकांच्या स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीत तो मानाने बसला.

पण याच शब्दाची दुसरी बाजू मुलांपासून लपवू नये. बहिष्कार, वाळीत टाकणे हे आपल्या समाजाने शतकानुशतकं दुबळ्यांवर चालवलेलं शस्त्र आहे. पाणवठा बंद, दुकान बंद, रस्ता बंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये आपल्या पाक्षिकाला बहिष्कृत भारत हे नाव दिलं, ते उगाच नाही. आणि हे संपलेलं नाही, म्हणून तर महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

म्हणजे कृती तीच. मेयोतल्या कुळांनी केली तेव्हा ती न्यायासाठी होती, गावाने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं तेव्हा ती अन्यायासाठी. फरक कसा ओळखायचा?

आपल्या वर्गातला बॉयकॉट

हा प्रश्न मेयोत आणि इतिहासातच राहत नाही, तो आपल्या वर्गात रोज येतो. मुलांची कट्टी दुपारपर्यंत टिकते आणि डब्यातला लाडू वाटला की गट्टी होते. त्यात आपण पडू नये. पण कधी कधी अख्खा वर्ग ठरवतो की हिच्याशी कोणी बोलायचं नाही, हिच्या बाकावर कोणी बसायचं नाही. कपडे मळके म्हणून, वाचता येत नाही म्हणून, किंवा नुसतंच कोणीतरी सांगितलं म्हणून. अशी मुलगी दुसऱ्या दिवसापासून पोट दुखतं म्हणू लागते. पालकहो, ते पोट दुखणं खरं असतं, फक्त दुखरी जागा वेगळी असते.

अशा वेळी बॉयकॉटची गोष्ट सांगून मुलांना तीन प्रश्न विचारावेत.

१. कोण कोणाला एकटं पाडतंय? मेयोत दुबळे अनेक होते आणि समोर सत्ता होती. आपल्या वर्गात तीस जण मिळून एकटीला पाडत असतील, तर ते शौर्य नव्हे.

२. मागणी काय आहे? कुळांना पंचवीस टक्के सूट हवी होती. समोरच्याने काय केलं म्हणजे तुम्ही बोलाल? याचं उत्तरच नसेल, तर तो नुसता छळ आहे.

३. परत यायला वाट आहे का? बॉयकॉटवरचा राग निवळला, त्याला पुढे त्याच देशात सुट्टीला जाता आलं. वाळीत टाकलेल्याला अशी वाट ठेवलेली नसते.

आणि एक चौथा प्रश्न आपल्यासाठी. पुतण्याला वाटेत का अडवलं? त्या पोराने कोणाचा खंड वाढवला होता? न्यायाच्या लढ्यातही एखादा निरपराध भरडला जातो. हेही मुलांना सांगावं, म्हणजे ती कुठल्याही गर्दीत असताना जरा थांबून आजूबाजूला बघतील.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

- नकाशात आयर्लंड, मेयो आणि पुणे जिल्ह्यातलं शिरूर शोधणे.
- लोहार, धोबीण, पोस्टमन, पुतण्या आणि बॉयकॉट अशा भूमिका देऊन छोटं नाट्य बसवणे. नंतर प्रत्येकाला काय वाटलं ते विचारणे.
- माणसांच्या नावांवरून आलेले शब्द गोळा करणे. सँडविच, डिझेल, व्होल्ट यांपासून सुरुवात करता येईल.
- घरी आजी-आजोबांना विचारणे की वाळीत टाकणे म्हणजे काय, त्यांनी कधी पाहिलं आहे का. पालकांनी या गप्पांत जरूर बसावं.

मुलांना शेवटी एवढंच विचारा की तुमचं आडनाव उद्या क्रियापद झालं, तर त्याचा अर्थ काय असावा? उत्तरं वहीत लिहून घ्या. पालकसभेत ती वाचून दाखवायला फार छान वाटतात.